खाडाखोडीसकट

१६ सप्टेंबर, मंगळवार
दुपारी चार

धाकटे,

गुरुवार, ११ सप्टेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मी अंदाजाने लिहीत नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती छापलेली आहे. त्या मिनिटाला तू ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसली होतीस. मी दिलेली यादी तुझ्या मांडीवर होती आणि डॉक्टरांच्या हातात मात्र तू स्वतः लिहिलेली दिलीस.

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलेले नाही, ते विसरल्यामुळे नव्हे.

परवा, रविवारी, सकाळी सव्वासात वाजता ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटले, तोंडात काही घेऊनच बोलते आहे. "माई, ही जीभ माझी वाटत नाही," असे काहीतरी ती म्हणाली. मी चष्मा लावून नीट पाहिले. वरचा ओठ नाकाला टेकायला आला होता. एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली मी आणि बशीएवढे तोंड झालेली ताई, अशी आमची वरात रुग्णवाहिकेतून निघाली. इस्पितळात इंजेक्शने झाली, प्राणवायू लावला, दोन दिवस ठेवून घेतले. आज सकाळी घरी आलो. तिथले डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर घशात नळी घालावी लागली असती." हे वाक्य तू दोनदा वाच. मी गेले दोन दिवस ते ऐकतेच आहे.

कारण काय? एनालाप्रिल. रक्तदाबाची गोळी, गुरुवारी त्या डॉक्टरांनी नव्याने लिहून दिलेली. खोक्यावर कंपनीचे दुसरेच नाव, ते एका डोळ्याने मला ओळखता आले नाही. ताईला ती चालत नाही. ती चालत नाही हे माझ्या यादीत तिसऱ्या ओळीवर लिहिलेले आहे. तुझ्या यादीत ती ओळच नाही.

माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू ९ तारखेला काढला. आठवडाभर बाहेर पडायचे नाही असे बजावले होते. म्हणून ताईबरोबर जायला मी खालच्या शिवणवालीला सांगून ठेवले होते, यादी पारदर्शक पिशवीत घालून ताईच्या हातात दिली होती, रिक्षासुद्धा ठरवली होती. आणि ताईने काय केले? माझ्या पाठीमागे तुला फोन केला. चार वर्षांत ज्या बाईने या घराचे दार पाहिले नाही, ती इस्पितळाच्या फाटकावर हजर! शिवणवालीला तू म्हणालीस म्हणे, "तुम्ही जा हो, मी सख्खी बहीण आहे." सख्खी!

माझी यादी म्हणजे काय, हे तुला माहीत असायला हवे. मी एकतीस वर्षे पुलांच्या आराखड्यांच्या कचेरीत काढली. तिथे रबर वापरणाऱ्याला दारात उभे करत नसत. एखादी रेघ रद्द झाली तर ती पुसायची नाही. तिच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे अशी, आणि बाजूला तारीख, कारण, सही. का? तर काल चुकीचा ठरलेला खांब आज कोणीतरी हुशार माणूस पुन्हा तिथेच उभा करायला निघतो. ताईच्या औषधांची यादी मी तशीच ठेवते. सध्या तिची सतरावी आवृत्ती चालू आहे. त्यात नऊ औषधे चालू आणि सहा रद्द. रद्द झालेली सहा ही चालू नवांइतकीच महत्त्वाची आहेत. खरे तर जास्तच.

तू काय केलेस? ती सहा गाळून, निळ्या शाईने, ओळी आखून, आकडे घालून 'फेअर' करून दिलीस. ताई अजून तुझे कौतुक करते आहे. ओठ सुजलेले असताना म्हणते, "अगं, किती सुरेख लिहून दिली तिने! डॉक्टर म्हणाले, अशी यादी सगळ्यांनी आणली तर आमचे डोळे वाचतील."

आपल्या कॉन्व्हेंटच्या शाळेत खाडाखोड झालेले पान मदर सगळ्या वर्गाला उचलून दाखवत आणि मग टरकन फाडत. मला किती वेळा फाडून दिले आहे ते तू पाहिले आहेस. तुला मात्र सुवाच्य अक्षराचे बक्षीस लागोपाठ तीन वर्षे मिळाले. मी त्या वर्गातून बाहेर पडले, धाकटे. तू अजून त्याच बाकावर हात घडी घालून बसली आहेस. वय वर्षे सदुसष्ट.

माझ्या यादीला हात लावायची परवानगी तुला कोणी दिली, एवढेच मला कळव.

माई


१९ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी अकरा

धाकटे,

तुझे उत्तर पोचले. उत्तर म्हणायचे ते ताईच्या फोनवर आलेल्या तीन वाक्यांना. 'माईला सांग, पत्र मिळाले. मी रेघ मारलेल्या गोळीबद्दल विचारायला फोन केला होता. तिला विचार.'

दोन पाने लिहिली मी, एका डोळ्याने. त्याला तीन वाक्ये, तीही ताईच्या पत्त्यावर. ताईने मला ते वाचून दाखवले आणि फोन उशाखाली ठेवून डोळे मिटून घेतले. मी विचारले, "काय विचार म्हणते ती?"

"ते तुला माहीत," ताई म्हणाली.

"मला काहीही माहीत नाही."

"मग तिला विचार."

ही ताई. शहात्तर वर्षांची. चाळीस वर्षे पोरांना गाणे शिकवले तिने, त्यामुळे कोण कुठे बेसूर झाले ते डोळे मिटून ओळखते आणि बोलत मात्र नाही.

तू विषय काढला आहेस म्हणून यादीबद्दल एक गोष्ट मी आपणहून लिहिते. रविवारी इस्पितळात मी सतरावी आवृत्ती त्या तरुण डॉक्टरपुढे धरली. त्याने ती आडवी केली, उभी केली, दिव्याखाली नेली. मग म्हणाला, "आजी, ही यादी आहे की नकाशा?"

मी म्हणाले, "वाचता येत नाही का?"

"येतं. पण हे 'र. आ. ९, ओ. जी. सू., पु. न.' म्हणजे काय?"

"रद्द, आवृत्ती नऊ, ओठ-जीभ सूज, पुन्हा नको. सरळ आहे."

"सरळ आहे," तो म्हणाला, "तुम्ही शेजारी उभ्या असाल तर."

कचेरीत ही अक्षरे सगळ्यांना कळत. इथे कोणाला कळतील याचा विचार मी केला नव्हता. हे मान्य करते. म्हणून काल बसून अठरावी आवृत्ती काढली. सगळे शब्द पुरते लिहिले, रद्द औषधांचा वेगळा चौकोन केला, वर लाल शाईने 'हे देऊ नये' असे लिहिले. ताईला दाखवली तर म्हणाली, "आता कशी माणसाने लिहिल्यासारखी झाली."

पण यामुळे तुझी चूक कमी होत नाही. न कळलेली ओळ गाळायची नसते. न कळलेली ओळ तशीच्या तशी उतरवायची असते. शाळेत नाही शिकवले, पण अक्कल नावाचीही एक वस्तू असते.

फोनबद्दल मला काही सांगायचे नाही.

ताईचा खुब्याचा सांधा ७ ऑक्टोबरला बदलायचा ठरला आहे. सूज पूर्ण उतरली म्हणून तारीख कायम ठेवली. सोमवारी भूल देणाऱ्या डॉक्टर तिला तपासणार आहेत. यावेळी मी स्वतः जाणार. वाटी लावून जाणार.

माई


२२ सप्टेंबर, सोमवार
दुपारी तीन

धाकटे,

आत्ताच आलो. चपला काढल्या, ताईला आडवे केले आणि थेट लिहायला बसले आहे. चहासुद्धा घेतलेला नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टर बाई आहेत. चाळिशीच्या, बारीक केस कापलेल्या, एकही शब्द फुकट न घालवणाऱ्या. मला पहिल्या मिनिटातच आवडल्या. मी अठरावी आवृत्ती ठेवली. त्यांनी ती वाचली, "छान," म्हणाल्या, आणि फाईल उघडून तुझा निळा कागद शेजारी ठेवला. दोन्हींवरून बोट फिरवत खाली गेल्या.

"इथे नऊ आहेत," त्या म्हणाल्या. "तिथे अकरा."

मी म्हणाले, "ती यादी चुकीची आहे. तिच्यामुळेच रविवारी ताईला दाखल करावे लागले."

"ते वाचलं मी. त्यात एक कमी होतं ते होतंच. पण दोन जास्त आहेत, ती कुठून आली?"

मी कागद ओढून घेतला. तुझ्या त्या बक्षीसपात्र अक्षरात: 'दहा. तपकिरी कॅप्सूल, सकाळी एक. अकरा. पांढरी गोळी, अर्धी, झोपताना.' नाव नाही, मात्रा नाही. वाटले, तुझ्या मनचेच काहीतरी. मी ताईकडे पाहिले. ताई भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहत होती, फार रस असल्यासारखी.

डॉक्टरबाईंनी तिला विचारले, "आजी, हे घेता तुम्ही?"

"घेते."

"कधीपासून?"

"झाली की चार वर्षं."

धाकटे, चार वर्षे मी त्या बाईच्या शेजारच्या पलंगावर झोपते आहे. डब्यातल्या सात कप्प्यांत तिच्या गोळ्यांच्या पट्ट्या कापून मी भरते. आणि तिच्या पोटात रोज दोन औषधे अशी जातात की ज्यांची ओळ माझ्या एकाही आवृत्तीत नाही. आवृत्त्या काढत बसले होते!

"नावं?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाव नाही माहीत. धाकटी पाठवते. सुटी पाठवते, बाटलीत घालून."

"सुटी का?"

ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटे आता चांगलीच वाकली आहेत, तू पाहिलीच असशील. "ती चंदेरी पट्टी मला दाबता येत नाही," ती म्हणाली. "ती तिथेच सोडवून पाठवते. खाली शिवणवालीच्या दुकानात येतं पाकीट."

म्हणजे शिवणवालीही तुमच्यात! ब्लाउजच्या पिशवीतून माझ्याच घरात माल येतो आणि मी तिला दर महिन्याला "पाठीत सैल ठेव" एवढेच सांगते!

मी ताईला तिथेच म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" जरा मोठ्याने म्हणाले असेन, कारण बाहेरची परिचारिका डोकावली.

ताई म्हणाली, "हे बघ. हेच. म्हणून."

मग म्हणाली, "पट्टी दाबता येत नाही, हे मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, नख लाव."

मी तसे म्हणाले असेन. म्हणालेच. बाकीचे सगळे मी लिहून ठेवले आहे, हे मात्र लिहिलेले नाही.

डॉक्टरबाईंनी आमचे भांडण शांतपणे ऐकून घेतले आणि मग बोलल्या. तपकिरी कॅप्सूल रक्त पातळ करणारी असेल, तर शस्त्रक्रियेच्या आधी निदान सात दिवस ती बंद हवी, नाहीतर टेबलावर रक्त थांबायचे नाही. पांढरी अर्धी झोपेची असेल, तर ती एकदम तोडायची नाही, नाहीतर भुलीतून बाहेर येताना गोंधळ होतो, कधी आकडीही येते. "म्हणजे दोन्ही बंद करा असंही मी सांगू शकत नाही आणि दोन्ही चालू ठेवा असंही नाही. मला नावं हवीत. लिहून हवीत. नावं आल्याशिवाय मी भूल देणार नाही." ताईने पिशवीतून काढून दिलेल्या बाटलीतल्या दोन गोळ्या त्यांनी उजेडात धरून पाहिल्या. पांढरीवर काही कोरलेले होते, पण अर्धी केल्यामुळे त्यातले एकच अक्षर उरले आहे. तपकिरीवर काहीच नाही.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर पुढची तारीख जानेवारीतली आहे. ताई आता बाथरूमपर्यंत जाताना तीन वेळा थांबते. जानेवारीपर्यंत ती चालती राहील का, हे कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

रिक्षात मी ताईला म्हणाले, "आत्ताच्या आत्ता तिला फोन लाव आणि नावं घे."

"नाही लावणार."

"तुझ्या जिवाचा प्रश्न आहे!"

"आहेच. म्हणून तर." मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "चार वर्षं तुमच्या दोघींच्या मधली टपालपेटी झाले आहे मी. ही काय म्हणते ते तिला, ती काय म्हणते ते हिला. दुखतं आता. खुबा वेगळा आणि हे वेगळं. नावं तिच्याकडे आहेत. तुला हवी आहेत. तू विचार."

"आणि मी नाही विचारलं तर?"

"तर जानेवारी," ताई म्हणाली.

तिचा हट्ट तुला ठाऊक आहे. आता ती पडून आहे आणि काहीतरी गुणगुणते आहे. मला चिडवायला, दुसरे काय.

माई


२४ सप्टेंबर, बुधवार
सकाळी साडेनऊ

धाकटे,

काल संध्याकाळी मी ताईचा फोन घेतला. ताईने नको म्हटले नाही. तुझे नाव दाबले. दुसऱ्याच घंटीला तू उचललास आणि म्हणालीस, "बोल ताई."

मी फोन ठेवला.

तो फोन मीच केला होता. तू पुन्हा लावलास तो ताईने घेतला आणि "काही नाही, चुकून लागला" म्हणाली. माझ्यासाठी ती पहिल्यांदाच खोटे बोलली असेल. तुझ्यासाठी चार वर्षे बोलतेच आहे. मला काय बोलायचे ते सगळे ठरले होते. कागदावरही लिहून घेतले होते. पण तुझा तो आवाज ताईसाठी होता. माझ्यासाठी तू तो काढलाच नसतास, हे मला त्या दोन शब्दांत कळले. म्हणून हे पत्र. खालच्या कुरिअरवाल्याने उद्या संध्याकाळपर्यंत पोचवायचे कबूल केले आहे.

११ तारखेबद्दल आता लिहिते. सकाळी दहा पंचवीसला माझा फोन वाजला. माझ्या एका डोळ्यावर वाटी होती, दुसरा उघडा होता. तुझा नंबर मला स्वच्छ दिसला. मी तो वाजू दिला. बंद झाल्यावर पालथा घालून ठेवला. मनात म्हणाले, आता कशी आठवण झाली. तू ती खोडलेली ओळ काय आहे हे विचारायला केला होतास. पंधरा मिनिटांनी तू यादी पुढे सरकवलीस. मी पहिल्या पत्रात वेळ दहा चाळीसपासून सुरू केली, ती तशी सुरू होत नाही.

आणि ती दहा पंचवीसलाही सुरू होत नाही. ताईला ती गोळी चालत नाही हे तुला माहीत असण्याचा काही मार्गच नव्हता. चार वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा सूज आली, पाच दिवस दाखल होती, तेव्हा मी तुला कळवले नाही. तुला तीन आठवड्यांनी शेजारणीकडून समजले. तू धावत आलीस, आणि दारातच मी म्हणाले, "काही विशेष नव्हतं. तू आली असतीस तर आम्हाला तुझंच बघावं लागलं असतं." ते मी म्हणाले होते. तुला वाटत असेल मी विसरले. मी काही विसरत नाही, माझी अडचणच ती आहे. तू रडकी आहेस म्हणून सांगितले नाही, असे नव्हे. तू आलीस की ताई तुझ्याकडे बघून हसते आणि मी नुसती गोळ्यांचा डबा घेऊन उभी असते, म्हणून नव्हते सांगितले.

हे लिहून झाले. आता यावर तू चार पाने भावनेची पाठवू नकोस, मला वेळ नाही.

तुझी चूक ती तुझीच आहे. न कळलेली ओळ गाळलीस, आणि कोणाला न विचारता चार वर्षे एका म्हातारीला सुटी औषधे पाठवलीस, तीही कोणत्या डॉक्टरने लिहून दिली याचा पत्ता नसताना. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि राहणार आहे. पण अठराव्या आवृत्तीत मी दहावी आणि अकरावी अशा दोन ओळी आखून मोकळ्या ठेवल्या आहेत. त्या मला भरता येत नाहीत. तुलाच येतात.

तेव्हा पुढील गोष्टी तुझ्या हाताने लिहून पाठव. तपकिरी कॅप्सूलचे खोक्यावरचे पूर्ण नाव, आत काय काय आहे ते बारीक अक्षरातले सगळे, मात्रा, आणि ताई ती कधीपासून घेते. पांढऱ्या गोळीचेही तेच, शिवाय कोणाच्या सांगण्यावरून, आणि मधे कधी बंद केली होती का. ताईने कधी तुला सांगितले असेल की कुठल्या गोळीने पोटात कसेतरी होते, चक्कर येते, हात थरथरतो, तर तेही. मला तिने यातले काहीच सांगितलेले नाही. चार वर्षे मी विचारते आहे, "काही त्रास?" आणि ती म्हणते, "काही नाही." फेअर करू नकोस. आठवेल तसे लिही, खोड, परत लिही, मला चालेल.

आणखी एक. तू तिला काय विचारतेस, कसे विचारतेस, की ती तुला सांगते? फोनवर आधी काय म्हणतेस, किती वेळ थांबतेस, ते लिही. हे डॉक्टरबाईंना नको आहे. मला हवे आहे.

ताईच्या सात दिवसांचा हिशेब धरता मंगळवारी, ३० तारखेला सकाळी नावे डॉक्टरबाईंच्या टेबलावर असली पाहिजेत. म्हणजे ती आदल्या दिवशी माझ्या हातात हवीत. कुरिअरने पाठव. स्वतः आणायची असली तर आण, पण लेखीच आण. तोंडी सांगितलेले मी धरणार नाही. दारात उभी राहून तू बोलायला लागलीस तर मला ऐकून लिहिता येईल याची मला खात्री नाही.

उत्तराची मुदत: सोमवार, २९ सप्टेंबर, संध्याकाळी पाच.

माई